निळ्या गुलाबाचं पान

डिसेंबर अर्धा सरला की वारज्यात सकाळी खिडकी उघडताना हात क्षणभर थांबतो. टेकडीकडून आलेला गार वारा आधी मनगटाला लागतो, मग आपण खिडकी उघडतो. यंदा थंडी उशिरा आली, पण आली. आमच्या बाल्कनीत या दिवसांत एकाच कोपऱ्यात ऊन येतं आणि नवाच्या सुमारास निघून जातं. त्या कोपऱ्यात एखादं गुलाबाचं रोप लावावं म्हणून परवा मोबाइलवर रोपवाटिका शोधत होते. शोधता शोधता एक ओळखीचं पान उघडलं.

ती साइट अजून जिवंत आहे हेच मला माहीत नव्हतं. तशी ती अर्धवटच जिवंत होती. एकही फोटो दिसत नव्हता. कुठल्या तरी सर्व्हरवरून ते केव्हाच पुसले गेले असणार. फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी होत्या आणि प्रत्येक चौकटीत एक ओळ. ‘कमरेइतकं झुडूप. पानं काळपट हिरवी, फुलं पांढरी, पाकळ्यांच्या कडा मागे वळलेल्या.’ त्याखाली, ‘जमिनीलगत पसरणारी वेल. पान चुरगाळलं तर ओव्यासारखा वास.’ मी उभ्या उभ्या सगळं पान वाचून काढलं. चहा निवला. त्या ओळी मीच लिहिल्या होत्या, पुण्यातल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात.

वेबसाइटवरच्या चित्रामागे अशी एक ओळ लिहायची सोय असते. चित्र नीट उघडलं तर ती दिसत नाही. सर्च इंजिनाला मात्र ती वाचून कळतं की हा फोटो कशाचा आहे. आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांच्या संगणकातलं सॉफ्टवेअर हीच ओळ मोठ्याने वाचून दाखवतं. आमच्या धंद्यात तिला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. त्या हिवाळ्यात मला यातली सर्चची गोष्ट तेवढी माहीत होती.

वाशीमहून मी पुण्याला आले ती दिवाळी उरकून. बी.एस्सी. झालं होतं, एका क्लासमध्ये वेबसाइट करायला शिकले होते, आणि पुण्यात गेलं की काहीतरी होतं अशी आमच्याकडे तेव्हा सगळ्यांची खात्री होती. वारज्यात हायवेच्या पुलापलीकडे तिघींत एक खोली मिळाली. पहाटे नळाचं पाणी असं गार यायचं की दात घासताना हिरड्या बधिर व्हायच्या. ऑफिस कर्वेनगरात, एका बंगल्याच्या तळमजल्यावर. चपला बाहेर काढायच्या आणि थंड फरशीवरून मोज्यांनी आपल्या टेबलाशी जायचं. दुपारी वरच्या मजल्यावरून मेथीच्या भाजीला दिलेल्या लसणीच्या फोडणीचा वास उतरायचा आणि मला घरची आठवण येऊन कळायचं की एक वाजला.

ऑफिस दीक्षित सरांचं. ते आधी एका कारखान्यात यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढायचे. कारखाना बंद पडला तेव्हा पन्नाशीला आले होते. मग संगणक शिकले आणि दुकानदारांना, शाळांना, हॉटेलांना वेबसाइट करून देऊ लागले. ते कधी ओरडत नसत. पहिल्या दिवशी मला म्हणाले, “तीन महिने बघू. जमत नसेल तर सांगा. वाशीमची गाडी रोज असते.”

माझं पहिलं काम मांजरीच्या एका रोपवाटिकेचं. तिच्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. आजूबाजूच्या उसाच्या रानात सोसायट्या उभ्या राहत होत्या आणि त्या सोसायट्यांच्या बाल्कन्यांसाठी अण्णांनी आपल्या शेतात रोपं लावायला घेतली होती. साइट तयार होती, फोटोही चढवलेले होते. त्यांच्यामागच्या ओळी तेवढ्या बाकी होत्या.

“प्रत्येकामागे लिही, ‘पुण्यातील सर्वोत्तम रोपवाटिका, मांजरी, पुणे’,” सरांनी सांगितलं.

“सगळ्यांना तेच?”

“मग काय प्रत्येकाला वेगळी कविता करणार?”

“आणि कुणी वाचलं तर?”

“ते वाचायला नसतं. ते सापडायला असतं.”

एका दुपारीत काम संपलं. एकदा लिहायचं आणि चिकटवत जायचं. त्या रात्री आईचा फोन आला.

“कायचं काम देलं वं तुले?”

“फोटोच्या मांगं लिहाचं.”

“मांगं लिहेल कोनाले दिसते?”

“कोनालेच नाही.”

“मंग कायले लिवतं?”

मी काहीतरी सांगून विषय बदलला. आईला मात्र काळजी लागली. पुढे कितीतरी दिवस ती शेजारणीला, पोरगी कंप्युटरवर आहे, एवढंच सांगायची.

आठवड्याभरात एक फोन आला. साइटवर नंबर ऑफिसचा होता आणि फोन माझ्या टेबलावर.

“नमस्कार. मी अभ्यंकर बोलते, एरंडवण्यातून. ही मांजरीची रोपवाटिका का?”

“त्यांची वेबसाइट आम्ही करतो.”

“मग आपणच हव्या आहात मला. आपली रोपवाटिका पुण्यातली सर्वोत्तम आहे, हे मला पूर्ण पटलं आहे.”

“धन्यवाद,” मी खूश होऊन म्हणाले.

“त्रेचाळीस वेळा ऐकल्यावर पटणारच. आता रोपं कुठली आहेत तेही सांगाल का?”

मला अर्थ लागेना. मग त्यांनीच सांगितलं. त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होत्या. निवृत्तीच्या आसपास काचबिंदूने दृष्टी गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. संगणक त्यांना पान वाचून दाखवतो. गच्चीत बाग आहे, ती त्या हाताने आणि नाकाने सांभाळतात. नवीन रोपं घ्यायची होती म्हणून त्या आमच्या साइटवर आल्या, आणि प्रत्येक फोटोपाशी संगणक एकच वाक्य म्हणत राहिला.

“आपण परवापर्यंत दुरुस्त कराल? मी पुन्हा उघडून बघते,” त्या म्हणाल्या. ‘बघते’ हाच शब्द त्यांनी वापरला.

फोन ठेवल्यावर माझे कान तापले होते. तसलं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, हेडफोन लावले, डोळे मिटले आणि माझंच पान ऐकू लागले. नाकातून बोलल्यासारखा यांत्रिक आवाज. चित्र, पुण्यातील सर्वोत्तम रोपवाटिका. चित्र, पुण्यातील सर्वोत्तम रोपवाटिका. सातव्या वेळी मी हेडफोन काढले. बाई त्रेचाळीसपर्यंत थांबल्या होत्या, कदाचित पुढच्या चित्राला तरी कुणी काही सांगेल म्हणून.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, “एका बाईसाठी?”

“मी डब्याच्या सुट्टीत करीन.”

“कर. पण मांजरी आणि पुणे हे शब्द पानावर राहिले पाहिजेत.”

मग रोज एका हातात पोळीचा घास आणि समोर झाडाचा फोटो. मी कापसाच्या आणि तुरीच्या गावातली मुलगी. झाडं काही मला नवीन नव्हती. पण जास्वंदीच्या फोटोसमोर बसले आणि एक ओळ लिहिता येईना. जास्वंद लाल असते, यापुढे मी जन्मात तिच्याकडे बघितलंच नव्हतं. मग दिसलं की पाकळ्या एकमेकींवर जराशा चढलेल्या असतात, मधून दांडा बाहेर येतो आणि त्याच्या टोकाला पिवळी पूड असते. एवढं लिहायला अर्धा तास गेला आणि डब्यातली भाजी गार झाली. पण संध्याकाळी चालत वारज्याला परतताना कुंपणाकुंपणावरची जास्वंद मी थांबून थांबून तपासत होते.

बाई एक दिवसाआड फोन करायच्या, अकराच्या सुमारास, झाडांना पाणी घालून झालं की. त्यांनी माझं लिखाण प्रयोगवहीसारखं तपासलं.

“चौथ्या चित्रातला ‘सुंदर’ काढा. ते मी ठरवीन.”

“हो बाई.”

“नवव्यात ‘मनमोहक’ आहे. कुणाचं मन?”

“काढते.”

“प्रॅक्टिकलला मुली लिहायच्या, परीक्षानळीत छान रंग आला. छान म्हणजे कुठला? जे आहे ते लिहा. अभिप्राय नको.”

आज खराडीच्या ज्या मोठ्या कंपनीत मी काम करते, तिथे फोटोंमागच्या ओळी आधी यंत्रच लिहून देतं. ‘कुंडीतील झाड.’ ‘हसणारी व्यक्ती.’ चूक काही नसते त्यात. आमच्या टीममधली नवी मुलं मला विचारतात, एवढं पुरेसं आहे ना? मी म्हणते, एकदा डोळे मिटून ऐक आणि मग तूच सांग. काही जण ऐकतात, काही हसून पुढे जातात. बाईंचं नाव मी त्यांना सांगत नाही. सांगायचं तर पुढचं सगळंच सांगावं लागेल, आणि त्यात चूक माझी आहे.

त्या साइटवर निळ्या गुलाबाचं एक स्वतंत्र पान होतं. मी फोटो नीट पाहिला आणि बाईंच्या शिस्तीत लिहिलं, ‘लांब देठावर एक गुलाब. पाकळ्या गडद निळ्या, त्यांवर पाण्याचे थेंब.’ कुठे सुंदर नाही, मनमोहक नाही. दुसऱ्याच दिवशी फोन.

“निळा? नक्की?”

“फोटोत निळाच आहे, बाई.”

“शाईसारखा की आकाशासारखा?”

मी पुन्हा पाहिलं. “मोरचुदासारखा.”

मोरचुदाचे निळे खडे त्यांनी आयुष्यभर मुलींना दाखवले असतील. “अरे वा,” त्या हळूच म्हणाल्या. “मला दिसत होतं तेव्हा असा गुलाब नव्हता. मध्यंतरी काढला असेल कुणीतरी. दोन रोपं ठेवायला सांगाल? दोन आठवड्यांनी कुणाला तरी घेऊन जाईन.”

तो निरोप द्यायला मी मुद्दाम मांजरीला जायचं ठरवलं. इतके दिवस फोटोंत पाहिलेली झाडंही बघायची होती. पण माझी गावची एक फेरी मध्ये आली, आणि जायला दुसरा रविवार उजाडला. हडपसरहून बस बदलली. रेल्वेच्या फाटकाशी उसाने भरलेल्या ट्रॉल्या थांबल्या होत्या आणि हवेत पाचट जळल्याचा गोडसर वास होता. अण्णा डोक्याला मफलर गुंडाळून रोपांना पाणी देत होते.

“निळा गुलाब?” त्यांनी पाण्याचा पाइप खाली टाकला. “ताई, निळा गुलाब कुटं असतोय व्हय?”

“साइटवर फोटो आहे, अण्णा.”

“आवो, तो तुमच्या सायबांनीच टाकलाय. मी म्हनलं व्हतं, ह्यो आमचा न्हाई. तर म्हनले, माणूस दारात येऊ द्या आधी. आता लोक येत्यात, निळा गुलाब इचारत्यात, अन् तोंड वाकडं करून जात्यात.”

फोटोत दिसलं ते मी लिहिलं होतं. फोटो खरा आहे का, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. परतीच्या बसमध्ये खिडकी नीट लागत नव्हती. वारा थेट अंगावर येत होता आणि मी जागा बदलली नाही.

सोमवारी अकराला बाईंचा फोन यायच्या आधी मीच केला. सगळं सांगितलं. तो रंग कुणीतरी संगणकावर चढवलाय, आणि ओळ मी लिहिली आहे.

“असं होय,” त्या म्हणाल्या. मग, “संध्याकाळी आम्ही पाच-सहा जणी खाली बाकावर बसतो. त्यांना सांगितलं होतं मी. त्या म्हणाल्या, बाई, असा गुलाब नसतो. मी म्हटलं, असतो, मी वाचलंय. भांडले मी त्यांच्याशी.”

“माझं चुकलं, बाई.”

“दिसत असतं ना, तर फसले म्हणून मीही हसले असते त्यांच्याबरोबर. आता त्या म्हणतील, बाईंना काय, कुणीही काहीही सांगावं.” त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. “ठेवते.”

नंतर अकरा वाजून जायचे आणि फोन वाजायचा नाही.

मी सरांकडे गेले. निळ्या गुलाबाचा फोटो काढायचा म्हणाले. सर म्हणाले, त्याच पानावर सगळ्यांत जास्त लोक येतात, ते कशाला काढायचं? मी म्हणाले, तसा गुलाब नाहीये. सर म्हणाले, ते तिथे गेल्यावर कळतंच की लोकांना. आणि स्क्रीनकडे वळले. विषय संपला.

मी माझ्या टेबलाशी आले आणि फोटो तसाच ठेवून फक्त त्याच्यामागची ओळ बदलली. ‘संगणकावर निळा रंग चढवलेला गुलाबाचा फोटो. असं रोप इथे मिळत नाही.’

गुरुवारी सरांनी हाक मारली. ती ओळ त्यांच्या स्क्रीनवर उघडी होती.

“हे काय?”

“फोटोत जे आहे ते.”

“म्हणजे ज्यांना दिसतं त्यांना आपण निळा गुलाब दाखवतोय, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्या कानात सांगतोय की हे खोटं आहे.”

“हो.”

“हे बरोबर वाटतं तुला?”

“नाही. पण फोटो काढायला तुम्ही नाही म्हणालात.”

मला माझ्या खोलीतली बॅग दिसू लागली, कुठले कपडे आधी भरायचे तेही. सरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला.

“ड्रॉइंगमध्ये माझी रेघ चुकली तर कारखान्यातून पार्ट परत यायचा,” ते म्हणाले, पण माझ्याशी नाही. मग चष्मा लावून, “काढ.”

“फोटो?”

“फोटो, पान, सगळं. अण्णांना तूच कळव. आणि तीन महिने संपलेत असं समजू नकोस.”

अण्णा म्हणाले, बरं झालं. साइटवर येणारे लोक मात्र निम्मे झाले, आणि सर दर सोमवारी तो उतरता आलेख मला वाचून दाखवायचे, भाव न बदलता, आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखा. थंडी वाढली. हातगाड्यांवर ओला हरभरा आणि बोरं आली. मी बाकीच्या ओळी लिहीत राहिले, आता मात्र प्रत्येक झाड अण्णांना फोनवर विचारून: ते ज्याला ‘हाय’ म्हणत, तेवढंच लिहायचं. आणि जानेवारीत एका सोमवारी सर आलेखावर थांबले. लोकांनी काय टाइप करून शोधलं त्याची यादी ते वाचत होते. कुणी लिहिलं होतं, ‘पान चुरगाळलं की ओव्याचा वास येणारी वेल’. कुणी, ‘संध्याकाळी उमलणारी नळीसारखी पांढरी फुलं’. झाडाचं नाव विसरलेली माणसं होती ती. जे आठवत होतं ते लिहीत होती आणि माझ्या ओळींपाशी पोचत होती.

“लोक असं शोधतात हे मला माहीत नव्हतं,” सर म्हणाले.

“मलाही,” मी म्हणाले. ते खरं होतं. मी त्यांच्यासाठी लिहिलंच नव्हतं.

संक्रांतीनंतर दोन दिवसांनी, अकरा वाजता, फोन वाजला.

“तिळगूळ पाठवता येत नाही, म्हणून नुसतंच गोड बोलते,” बाई म्हणाल्या. “ते निळं पान काढलंत वाटतं. शोधलं मी, सापडलं नाही.”

म्हणजे त्या बघत होत्या.

“रविवारी मांजरीला जायचं म्हणते. येशील का तू बरोबर? रिक्षावाल्याला झाडातलं काही कळत नाही.”

पहिल्यांदाच त्यांनी मला ‘तू’ म्हटलं.

बाई उंच, सडसडीत, सुती साडीवर पुरुषी स्वेटर आणि हातात घडीची पांढरी काठी. अण्णांनी त्यांना पाहिलं आणि मला मोठ्याने विचारलं, “ह्यांना काय पायजे?”

“मला ऐकू येतं,” बाई म्हणाल्या, “आणि मला गुलाब पाहिजे.” अण्णा ओशाळले आणि मग स्वतःच एकेक कुंडी उचलून त्यांच्या हाताशी आणू लागले.

बाई पान पालथं करून अंगठ्याने त्याच्या शिरा चाचपत. देठ दोन बोटांत धरून काटे मोजत. कुंडीतली माती चिमटीत घेऊन हुंगत. मी ज्यांच्यावर ओळी लिहिल्या होत्या तीच झाडं, पण त्यातल्या निम्म्या गोष्टी मला तेव्हा कळल्या. एका रोपाशी त्या थांबल्या. त्याचं लेबल कधीच गळून पडलं होतं; रंग कुठला, अण्णांनाही सांगता येईना. टोकाला एकच घट्ट कळी होती.

“कुठला आहे?” बाईंनी मला विचारलं.

मी कळीला जवळून पाहिलं. बाहेरून सगळी हिरवी. “माहीत नाही, बाई. अजून बंद आहे.”

“हेच घेऊ या,” त्या म्हणाल्या.

पंधरा दिवस गेले. उन्हाला धार येऊ लागली होती आणि सकाळी स्वेटर घालावा की नाही असा प्रश्न पडायला लागला होता, तेव्हा त्यांचा फोन आला. “उमललंय. शेजारीण म्हणते गुलाबी, तिचा नवरा म्हणतो केशरी. दोघं भांडतायत. तू येऊन सांग.”

रविवारी एरंडवण्यात त्यांच्या गच्चीत गेले. सगळ्या कुंड्या हाताच्या अंतराने मांडलेल्या. बाई मला नेमक्या त्या कुंडीपाशी घेऊन गेल्या आणि काठी भिंतीला टेकवून शेजारी उभ्या राहिल्या.

मी बघितलं. घाई केली नाही. “कडेला गुलाबी आहे,” म्हणाले. “आत जाताना केशरी होत जातं. दोघांचंही बरोबर आहे.”

“चला, त्या घरात आता शांतता होईल,” बाई म्हणाल्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून थोड्या वाकल्या. “आणि अगदी आत?”

मी चष्मा काढून ओढणीने पुसला, परत लावला, आणि कुंडीसमोर गुडघ्यांवर बसले.